सावलीतलं काम

हॅलो?… हॅलो. हो, भिवाजी बोलून राहिलो… भिवाजी. खाण कॉलनीचा मुकादम, सौसर पोस्टातून… नागपूरचा कॉल? हो, माह्यासाठीच हाय. द्या बाई जोडून.

हॅलो?… नलिनी?… अगं बोल ना, ऐकून राहिलो मी.

हो, बाबाच. दम लागला म्हणून आवाज तसा येते. कवडू पोस्टमन घाण पाण्याच्या फिल्टरवर आला अन् म्हणे, चला मुकादम, नागपूरच्या दवाखान्यातून पोरीचा फोन हाय. तू बरी हायस ना?… पक्कं?… तुमच्या मेट्रननं काही म्हटलं का?… नाही ना. मंग ठीक.

चिठ्ठी टाकाची. फोन कायले?…

हो, चार दिवस लागते, मालूम हाय. आता तर अजूनच लागते. नागपूर गेलं तिकडं मुंबई राज्यात अन् आपण राहिलो इकडं. चार महिने होऊन राहिले, पण आपला टपालाचा थैला कुठून फिरून येते ते कोणालेच सांगता येत नाही… नाही प्रभाकरबाबू, तुम्हाले नाही म्हणून राहिलो. थैल्याले म्हणून राहिलो.

हो, हो. बोल… तूच हळू बोलून राहिली. माहं तर सगळं पोस्ट ऐकून राहिलं. आठ-दहा लोक उभे हायत मनिऑर्डरवाले.

कोणती बाटली?… अच्छा, ती. मायच्या तेरवीच्या दिवशी पंपाच्या खोलीतून भरून नेली होती तू. मेलेल्या चिलटांची. मी समजलो, पोरगी दुःखात काहीबाही करून राहिली, करू द्या… डॉक्टरीणबाईंले दाखवली? इतक्या दिवसानं?… सुटीवर होत्या. मंग, काय म्हणे?

काय म्हटलं?… अ… ॲलर्जी… अगं मी चौथी शिकलो, मले साध्यानं सांग… हां. म्हणजे एखाद्याच्या अंगाले ती वस्तू खपतच नाही. बाजूच्याले काही होत नाही अन् त्याचे डोळे सुजते. नाक गळते… अंगावर गांधी उठते… हो… अन् छाती कोंडते.

तसंच होये तिले.

बोल तू.

क्षय तर नव्हताच, छिंदवाड्याले छातीचा फोटो काढला तो साफ निघाला. मंग आम्ही दमा समजलो. तुही आत्या म्हणे, घाण पाण्याचं काम, घाण हवा छातीत बसली. ती तर आपल्या घरचं पाणी बी पेत नाही, तिले बोलाले निमित्तच पाहिजे होतं… हो, हो, आत्याचं राहू दे.

पण नलिनी, अगं ऐक ना. चिलटं चावत नाही. डसत नाही. इतकुशी, केसाळ पंखांची. दोन बोटांत धरली तर भुकटी होते. ती माणसाले काय करतील?…

भुकटीच?…

थांब. कोणाच्या हातावर?… तुह्या? काऊन करू दिलं तू?… खरडलं म्हणजे सुईनं?… दोन जागी. बरं. एका जागी टाक्याचं पाणी, ते बी नेलं होतं तू… अन् एका जागी सुकी भुकटी. मंग?… पाण्याच्या जागी काहीच नाही… अन् भुकटीच्या जागी… रुपयाएवढी गाठ?… खाजवू नको बरं. बसली का आता?… पण तू तर कधी काम नाही केलं तिथं… बाजूले राहिली, हो. वारा तिकडूनच येये घरावर. तू शाळेतून आली का शिंका देत राहे. तुही माय म्हणे, पोरीले मिरची जास्त झाली.

मी हाय ना अगं. हसलो थोडासा.

काय म्हणून राहिल्या?… डॉक्टरीणबाई बाजूलेच हायत? नमस्कार सांग… त्यांले काय पाहिजे?… तिचं काम. कोणतं कोणतं काम, कवापासून, ते पहिल्यापासून. त्या लिवून घेऊन राहिल्या. बरं. लिव म्हणा.

खाणीच्या कॉलनीचं सगळं मोरीचं पाणी, संडासाचं पाणी, नालीनं खाली येते. तिथं खडीचं मोठं गोल टाकं हाय. त्याच्यावर लोखंडी हात फिरते अन् पाणी शिंपडते. खडीतून खाली पडता पडता पाणी साफ होते. इंग्रज साहेबांनं बांधलं होतं, त्यांच्या बंगल्याखाली घाण नको म्हणून. त्या खडीत चिलटं होते. ढगासारखी उठते… हे तर तुले मालूम हाय. त्यांले सांगून राहिलो मी.

तुही माय केसर पहिली सहा वर्षं खडीवर होती. दाताळ्यानं खडी वर-खाली कराची, शेवाळ काढाचं, गाळ टोपल्यानं सुकाले वाफ्यावर टाकाचा. उन्हातलं काम. चिलटं तिथं बी होती, तोंडात जात… हो, तिथंच सुरू झालं. शिंका, डोळ्याले पाणी. थोडा खोकला. पण चालून राहिलं होतं तिचं. वारं राहे ना मोकळं.

मंग खोकला वाढला. मी मुकादम झालो होतो. माह्यानं पाहवे ना. म्हटलं, हिले हलकं काम देऊ. मंग मी तिले…

हो बाई, बोलून राहिलो ना. तीन मिनिटं झाली? इतक्यात?… पोरगी सांगंल तुम्हाले… नलिनी, ती वाढवू का म्हणून राहिली… वाढवली? अगं किती वाढवशील, सावकाराच्या पोरीसारखे पैसे उडवून राहिली… बरं, बरं.

कुठी होतो मी?… हलकं काम.

पंपाची खोली. हो, तीच… सावलीतलं काम. बसून कराचं. डोक्यावर छप्पर, ओझं नाही, गाळात पाय नाही. खडीवरची देवकाबाई तिले टोमणा मारे, मुकादमाची राणी म्हणे. अन् तुही माय हसे. जो भेटंल त्याले सांगे, माह्या माणसानं मले सावलीत बसवलं… दोन वर्षं. मागच्या संक्रांतीले दोन झाली असती.

तिथं काय कराचं म्हणजे… झाडाचं. खोलीत बल्ब जळतो दिवसरात्र, तर चिलटं उजेडाले येते अन् तिथंच मरते. खिडकीच्या दगडावर, मोटारीच्या मागं, भिंतीच्या कडेनं. सकाळी थर राहाते. चार बोटं.

खराट्यानं. सुकंच. मोटार हाय ना, पाणी मारू नका म्हणून ओव्हरसियरचा हुकूम हाय… दार लावून. उघडं ठेवलं तर भुकटी बंगल्याकडं उडते, मॅनेजरच्या बाई ओरडतात.

मंग काय, टोपल्यात भराची अन्… न्याची.

फेकत नाही. संत्र्याच्या बागेवाले घेऊन जाते. झाडाच्या बुडाले टाकले तर चांगलं खत होते म्हणते. तेही फुकटच, कोणी विकत नाही देत. फक्त त्यांले साफ पाहिजे. रेती नको, चुन्याचे पोपडे नको…

नलिनी, असं कोर्टात विचारते तसं विचारू नको ना मले.

साफ कशी करे म्हणजे… आता बायका कशा करते?

सुपानं.

हो. पाखडे ती. शेतकऱ्याची पोरगी, तिच्या हाताले सवय. बसे अन् पाखडे. जड ते खाली, हलकं ते वर. म्हणे, माह्या हातून बागेवाल्यांले किती स्वच्छ माल जाते. तूर पाखडावी तसं.

त्याच बंद खोलीत. हो.

काय म्हणून राहिल्या त्या?… मले सरळ सांग. लपवू नको… ओलं चिलट तितकं नाही करत. जितं बी तितकं नाही करत. सुकलेलं… त्याच्या पंखाची भुकटी श्वासातून… अन् बंद खोलीत. रोज… म्हणजे खडीवर असती तर…

नाही सांगता येत, बरं. त्यांले नाही सांगता येत. पण खोलीत जास्तच.

सूप मी आणलं होतं, नलिनी. मोहगावच्या बाजारातून. तिचं जुनं फाटलं होतं तर मी नवं आणलं, शेणानं सारवून दिलं. असं खूश झाली.

काही नाही, बाबूजी. पाणी नको मले. तुम्ही तुमचं काम करा. हो, घरचंच बोलणं हाय… होऊन राहिलं आता.

नलिनी, बोल.

कोण जयवंता? तुही मावशी?… कामावर हाय. पंधरा दिवस झाले. तुले चिठ्ठीत लिवलं होतं मी… अगं केसरची जागा हाय ती. कॉलनीचा नियमच हाय, मेलेल्याची जागा त्याच्या घरच्याले. महिन्याच्या आत कोणी हजेरी लावली नाही तर जागा जाते. मावशीचा माणूस गेला तीन वर्षांमागं, बोरगावले दिराच्या घरी भाकरी मोजून खाऊन राहिली होती. मीच बोलावली.

कोणतं काम दिलं…

तिले बी काऊन कडक काम देऊ म्हटलं. केसरची बहीण हाय.

हो. तिथंच.

आजची तबियत?… बरी हाय. खोकत नाही… डोळे?… डोळे सुजलेले राहाते तिचे. ते तर रडून राहिली म्हणून. घरात सगळेच… मी समजलो बहिणीसाठी रडते. मले तर वाटलं, बापा, किती जीव होता हिचा. मी तिले म्हटलं बी, जयवंता, आता पुरे कर, डोळे जातील. तर म्हणे, भाऊजी, मी रडलीच नाही आज.

हो, असंच म्हणे. मी समजलो लाजून राहिली.

नाही, नाही, दम नाही लागला अजून… सकाळी शिंका देत होती. दहा-बारा. सलग.

आज कुठी म्हणजे… आज तर…

अगं आज मोठी सफाई हाय. उद्या साहेब येऊन राहिले पाहाले, नव्या राज्याचे. भोपाळचे का कुठले, मले नाही मालूम. ओव्हरसियर काल म्हणे, पंपाची खोली आरशासारखी पाहिजे, वरच्या तुळया, भिंती, सगळं झाडा. म्हणून आज जाळी-जळमटं, वरचं दोन वर्षांचं… सगळं खाली पाडून राहिली ती. सात वाजल्यापासून. एकटीच. दुसऱ्या बायका वाफ्यावर हायत.

लावलेलं. दार लावलेलंच असंल.

अगं मी इथं हाय ना. तिथं कोणी नाही पाहाले. मी निघालो तेव्हा… म्हणे भाऊजी, तोंडाले पदर बांधला तरी नाकात जाते. मी म्हटलं, आता आलोच फोन घेऊन.

ऐक, ऐक. डॉक्टरीणबाईंले विचार, एका दिवसात काही होते का?… होऊ शकते. ज्याले आधीच सूज हाय त्याले एका दिवसात बी… बरं. बरं.

कागद? त्या कागद देऊन राहिल्या? सही-शिक्क्याचा?… नागपूरचा कागद नाही चालत, नलिनी. मागच्या महिन्यात देवकाबाईच्या नवऱ्याचा आणला होता तुमच्याच दवाखान्यातून, पाय मोडल्याचा. ओव्हरसियर म्हणे हा परराज्याचा कागद, छिंदवाड्याहून आणा. काल-परवापर्यंत नागपूर आपली राजधानी होती, अन् आता तिथलं मोडलेलं हाड बी मानत नाही.

छिंदवाड्याले नेतो मी तिले, पण तारीख भेटाले पंधरा दिवस. तवापर्यंत जागेवर नाही राहिली तर जागा जाते. ओव्हरसियर म्हणते, कागद नाही तर बदली नाही. तो म्हणे मुकादम, तुम्ही आपल्या घरच्या बाईले हलकं-भारी करत बसाल तर बाकीच्या बायका… हो, म्हटलं तसं.

मंग आज कसं थांबवू म्हणजे…

अगं.

कागद कायले लागते. हजेरीबुक माह्या खिशात हाय. आता बी हाय. कोण खडीवर, कोण गाळावर, कोण खोलीत, ते सकाळी मीच लिवतो. ओव्हरसियर संध्याकाळी खाली सही मारते, वाचत बी नाही.

हो. तवा बी मीच लिवे. केसरबाई, पंप खोली. केसरबाई, पंप खोली. दोन वर्षं एकच ओळ.

लिवून दे म्हणा त्यांले. काम कोणी दिलं असं विचारून राहिल्या ना?… विचारलं त्यांनी, मी ऐकलं तुह्या फोनातून. लिवा म्हणा. मुकादम भिवाजी, तिचा नवरा. नाही, नाव टाका. पाहिजे तर दोनदा टाका. ऐकतात तर ऐकू दे इथले लोक, मनिऑर्डर भरून होऊन राहिली सगळ्यांची, तरी कोणी हलत नाही.

काय करीन?… खडीवर नेतो तिले. आज. वाऱ्याच्या बाजूले उभी करतो, वरचं शेवाळ काढाले… अन् खोली? खोलीत मंग देवकाबाई काऊन? तिले नाही होणार असं कोण म्हणते. कोणीच नाही बसत तिथं. पोतं भिजवून, पिळून, त्यानं पुसाची. मोटार बंद करून. दोन तास पंप बंद राहिला तर काय होते? बंगल्याच्या मोऱ्या तुंबते. तुंबू दे. उद्या साहेब येतील तर त्यांच्यासमोर तुंबू दे, विचारतील तर मी सांगीन… बागेवाले? बागेवाल्यांनी आपलं खत दुसरीकडून पाहावं.

नोकरी?… जाईल तर जाईल. नाही, तशी नाही जाणार. मुकादम काढला तर त्यांले नवा शोधावा लागते अन् ह्या घाणीत कोणी येत नाही… हां, हसली तू. हसत राह्य.

नको. नको रडू आता. एक तर हस नाही तर रड.

ऐक ना. बाबा, तुम्हाले मालूम नव्हतं, म्हणते तू… हो गं, नव्हतं. अर्ध्या तासाआधी मले नव्हतं मालूम. तिले बी नव्हतं. ती गेली तवा माहा हात धरून म्हणे, तुम्ही मले लय सांभाळलं… ते तुले नाही सांगितलं मी. आज काऊन सांगितलं, जाऊ दे.

नाही. माही चूक नाही असं नको म्हणू. चूक होती का नव्हती ते आपण दोघं बसून बोलू, तू सुटीले आली का. रात्रभर बोलू. मले बोलाचंच हाय. तिच्या जाण्यापासून मी कोणाशीच नाही बोललो नीट… पण आता नाही.

बाई, अजून नको वाढवू. पुरे झालं… तुम्हाले नाही, पोरीले म्हणून राहिलो. हो, कापा तुम्ही. नाही, थांबा, एकच.

नलिनी, हाताची गाठ पाहात राह्य. अन् त्या खोलीकडं तू येजो नको, घरी आली तरी. … हो. हो, तिले घेऊन येतो मी नागपूरले, परराज्य तर परराज्य. बसचं तिकीट तर देतील ना.

अगं तू बोलत राहशील तर मी इथंच उभा राहीन. मले ठेववत नाही तुहा आवाज. दीड महिन्यानं तिच्यासारखा आवाज ऐकून राहिलो… हो, तसाच येते. फोनात अजूनच तसा येते.

पण ती आत हाय, नलिनी. दार लावून. ठेवून राहिलो.